आटलेल्या समुद्रातली आमची वाट

मी पहिल्यांदा समुद्र पाहिला तो पाणी नसलेला. तोही आमच्या मधल्या खोलीत, कूलरसमोरच्या टेबलावर, लॅपटॉपमध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. आमच्या आसेगावकडच्या माणसाला समुद्र बघायचा तर एक आख्खा दिवस गाडीत बसावं लागतं, आणि शाळा, स्वयंपाक, संत्र्याची बाग यातून तो दिवस मला कधी सापडला नाही. शाळेत मात्र तीस वर्षं मी समुद्र शिकवत आले. भरती, ओहोटी, आखात, बेट. निळ्या खडूने फळ्यावर लाटा काढायच्या आणि मुलांनी विचारलं, "बाई, तुमी पाह्यला का समुद्र?" तर दरडावून म्हणायचं, "आधी वहीत काढ."

हा समुद्र माझ्या मुलीने दाखवला. म्हणजे तिने आणि तिच्या पुण्याच्या ऑफिसातल्या लोकांनी मिळून बनवला. तो एक खेळ आहे. नाव इंग्रजी आहे आणि माझ्या तोंडात ते काही नीट बसत नाही, म्हणून घरात आम्ही त्याला आटलेला समुद्र म्हणतो.

तो बघायला मी कशी बसले ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मुलीला अकोल्याला बँकेत कायम नोकरी लागली होती. मी शाळेत पेढे वाटले होते. दोन वर्षांनी तिने ती सोडली आणि पुण्याला खेळ बनवायला निघाली. मला राग लवकर येतो आणि तो आला की जीभ माझी राहत नाही. बॅग भरून ती अंगणात उभी होती तेव्हा मी म्हटलं, "लोकाइची लेकरं नोकरीसाठी रडून राह्यली, आन तू लागलेली सोडून खेळणे बनवाले चालली. उद्या कोणी इचारलं का पोरगी काय करते, तं मी काय सांगू? मेली म्हणून सांगू?"

ती बॅग उचलून गेली. त्या दिवाळीला आली नाही, पुढच्याही दिवाळीला आली नाही. फोन यायचा, नाही असं नाही. "जेवली का?" "हो." "तब्येत?" "चांगली." "ठेवू?" एवढ्या तीन शब्दांवर आमचा संसार येऊन ठेपला होता. माफी मागायचं मनात यायचं, पण मास्तरीण बाईला चूक दुसऱ्याची दाखवायची सवय. स्वतःची दाखवायला तोंड उघडत नाही.

मग आमचे हे पुण्याला डोळे दाखवायला गेले. परतताना तिचा जुना लॅपटॉप घेऊन आले आणि निरोपही. ह्यांनी तो जसाच्या तसा सांगितला. "ते म्हणते का, आईसंगं फोनवर बोललं का भांडण होते. म्हणून आपण दोघी खेळात बोलू. रविवारी चार वाजता. एक दुनिया सुरू करू. थे जिवंत हाय तोपर्यंत."

"आन थे मेली मंग?"

"मंग तुमचा फोन हायच. जेवली का, ठेवू."

त्या खेळात माणूस एकदाच मरतो. दोघींपैकी एक जरी मेली तरी ती दुनिया मिटते. पुन्हा नवी सुरू करता येते, पण तिने एकच कबूल केली होती. माझ्या मुलीचा हट्ट मला माहीत आहे, कारण तो माझ्याकडूनच गेलेला आहे. ती दुनिया टिकवणं म्हणजे माझे रविवार टिकवणं होतं. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या होत्या. मी चष्मा पुसला आणि बसले.

समोर सगळं पांढरं होतं. समुद्र आटून गेलाय आणि आपण त्याच्या तळाशी. दूर एक मोठं जहाज कलंडून पडलेलं. देवमाशाच्या बरगड्या देवळाच्या कमानीसारख्या उभ्या. मी खुर्ची पुढे ओढली. मी फळ्यावर इतकी वर्षं समुद्राचा वरचा भाग काढत होते, तळ कसा असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

आणि त्या तळाशी करायचं काय, तर जगायचं. काही आयतं मिळत नाही. संध्याकाळी शिडाचं कापड पसरायचं, पहाटे त्यावरचं दव पिळून भांड्यात घ्यायचं. दोर वळायचा. मीठमिसळ वाळू पाखडून मीठ वेगळं करायचं. तुटक्या फळीचं झाकण करायचं आणि झाकण फुटलं की त्याचं जळण. हे सगळं मी वाचत गेले आणि मला हसू फुटलं. अहो, हे तर मी जन्मभर करत आले! आमच्या गावात नळ आठवड्याने येतो. भाजी धुतलेलं पाणी तुळशीला, तांदळाचं पाणी म्हशीला, कूलरचं उरलेलं पाणी अंगणात. जुन्या साडीची गोधडी, गोधडीचं पायपुसणं. या कामाला कोणी कधी खेळ म्हणेल असं वाटलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात मी दोन हंडे पाणी साठवलं. मुलगी म्हणाली, "आई, लोकाइले एवढं जमाले महिना लागते."

"लोकाइनं नळाची वाट पाह्यली नसन कधी," मी म्हटलं. ती हसली. किती दिवसांनी हसली. मी लॅपटॉपकडे बघत राहिले, जणू तो आवाज तिथे कुठे दिसेल.

मग मला नादच लागला. दुपारी गाव झोपलं की मी बसायची. खऱ्या घरात हंडा भरला की संध्याकाळपर्यंत रिकामा होतो आणि भरणाऱ्याचं नाव कोणी घेत नाही. इथे मी वळलेला दोर दिसतो, टिकतो. मी लावलेलं झाकण मी काढेपर्यंत तसंच राहतं. मला वाटतं त्या खेळाची ओढ ह्यातच आहे. आपल्या हाताचं काम नजरेसमोर राहतं, आणि उद्याचं काम आज केलेल्याच्या पुढून सुरू होतं. ह्यांना मात्र माझी चेष्टा करायला चांगलंच कोलीत मिळालं. लॅपटॉपला नेट मोबाइलवरून मिळतं आणि रेंज फक्त खिडकीत येते, म्हणून ह्यांचा मोबाइल तिथे धरून ठेवावा लागायचा. "सारी जिंदगी पोरीले म्हणली का मोबाइल ठेव," हे म्हणायचे, "आन आता मले खिडकीत खांब करून ठेवलं."

खेळातलं आमचं घर म्हणजे एक उलटी पडलेली नाव. आम्ही दोघी त्या नावेखाली राहायचो. खेळात एकमेकींचा आवाज जवळ असलं तरच ऐकू येतो. वीस पावलं दूर गेलं की संपला. हे मुलीनेच ऑफिसात भांडून करून घेतलं होतं. आवाजाचं काम तिच्याकडे आहे. "दूरच्या माणसाचा आवाज कानात आला का जवळ जाची गरजच राहत नाई," ती म्हणाली. ते मला लागलं.

अवजारांचा आवाज मात्र लांब जातो. म्हणून तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मीठ पाखडाचं तं थोडं थोडं पाखडजो. आवाजानं खेकडे येतात. आपलं सारं मोडतात." तिथले खेकडे म्हशीएवढे.

आणि त्या पाखडण्यातच मला एक चूक सापडली. खेळातल्या माझ्या बाईची मनगटं मोकळी होती, पण सुपाला थाप पडली की बांगड्या वाजायच्या. दोन झटके, एक थाप, बांगड्यांची किणकिण, जरा थांबून आणखी एक झटका. मी लगेच रविवारी तक्रार केली.

"तुमच्या खेळात चूक हाय. हातात बांगड्या नाई आन वाजतात कशा?"

"राहू दे," ती म्हणाली.

"काहून राहू दे? पाहणाऱ्याले समजते ना!"

"ऑफिसाबाहेर कोणालेच समजली नाई आतापर्यंत. तुलेच समजली," ती म्हणाली आणि विषय बदलला.

असे सहा रविवार गेले. बोलणं काय, तर शिडाचं कापड, दोर, दव. पण मधेच ती सांगून जायची की पुण्याच्या घरात तिने कढी केली आणि फुटली. मी म्हणायची की बेसन कमी पडलं असेल. असं दवासारखं थेंबथेंब. बँकेचा विषय दोघीही टाळायचो.

सातव्या आठवड्यात मी घोळ घातला.

मुलगी जहाजावर लोखंड आणायला गेली होती. पाच वाजले, तिचा वेळ संपला, म्हणून तिने तिचं माणूस तिथेच जहाजात झोपवलं; झोपलेल्या माणसाला तिथे पाणी लागत नाही. पुढच्या रविवारी ती परत येणार होती. मधले सहा दिवस मी एकटीच खेळत होते. मला पाण्याची मोठी टाकी बांधायची होती. दगड होते, पण गिलाव्याला चुना हवा, आणि चुन्याला शिंपले. मी नावेबाहेर आले तर समोर शिंपलेच शिंपले. नावेपासून पार दूरवर, दर दहा पावलांवर एक, छान निळसर चमकणारा. एवढा चांगला माल असा उन्हात पडलेला पाहून मला राहवेना. आमच्याकडची कोणती बाई राहू देईल? वाटेत गोवरी दिसली तरी आम्ही पदरात घेतो. मी एकेक वेचत गेले. जहाजाच्या जवळपास पोचेपर्यंत वेचले, पाटीभर झाले, परत आणून भाजले, चुना केला आणि टाकी अशी गुळगुळीत लिंपली की हात फिरवावासा वाटेल. सहा दिवसांत ती गळ्यापर्यंत भरली. मुलीला दाखवायला मी अगदी अधीर झाले होते.

रविवारी चार वाजता बसले. कोपऱ्यात एक छोटं मडकं दिसतं. ते दुसऱ्या माणसाकडचं पाणी. तिचं मडकं निम्मं होतं. म्हणजे ती निघाली होती. मी नावेबाहेर उभी राहिले. आणि तेव्हाच मिठाचं वादळ सुटलं. समोरचं सगळं पुसून गेलं, माझे स्वतःचे हातही दिसेनात.

वादळात ते शिंपले चमकतात. तिने म्हणूनच ते एकेक करून टाकले होते, येण्याजाण्याची वाट म्हणून. हे मला तेव्हा कळलं, त्या पांढऱ्या अंधारात उभी राहून, माझ्या गुळगुळीत टाकीला टेकून.

"अहो," मी ह्यांना म्हटलं, "म्या पोरीची वाट लिंपून टाकली."

ह्यांना धड काही कळलं नाही. "फोन लाव तिले."

मी खिडकीशी जाऊन माझ्या फोनवरून लावला. बंद. त्या एका तासात ती फोन बंदच ठेवते, खेळाचा नियम म्हणून. आणि लागला असता तरी मी काय सांगणार होते? त्या मिठात कुठलं पूर्व आणि कुठलं पश्चिम? मी हाका मारल्या. मधल्या खोलीत बसून, शेताच्या बांधावरून मारावी तशी, "ये वं! इकडं ये वं!" शेजारीण दारात येऊन बघून गेली. वीस पावलांपलीकडे काही जात नाही हे मला माहीत होतं, तरी मारत होते. कोपऱ्यातलं मडकं पाव भागाच्या खाली गेलं.

मला त्या क्षणी काय वाटलं ते स्पष्टच सांगते. मला वाटलं, मेली म्हणून सांगू का, असं मी म्हणाले होते आणि आता ती मरते आहे, आणि मीच मारते आहे. खेळ आहे हे डोक्याला कळत होतं. हातांना कळत नव्हतं.

मग सूप आठवलं. अवजाराचा आवाज लांब जातो.

मी मीठमिसळ वाळू घेतली आणि पाखडायला लागले. थोडं थोडं नाही, सारखं. दोन झटके, एक थाप, किणकिण, आणखी एक झटका. जितका वेळ कीबोर्डवरचा त्याचा खटका दाबून धरला तितका वेळ ते चालतं. बोट दुखायला लागलं तरी सोडलं नाही. पहिला खेकडा आला तो टाकीवरच. ठकाठक नांग्या मारायला लागला. मी थांबले असते तर तो परत गेला असता. दुसरा आला. टाकीला तडा गेला आणि माझं सहा दिवसांचं, नाही, सात आठवड्यांचं पाणी त्या कोरड्या समुद्रात वाहून गेलं. अर्धा पेला पाणी सांडलं तर घर डोक्यावर घेणारी मी. हे खिडकीतून म्हणाले, "अवं, पाणी चाल्लं तुह्यं!"

"चाल्लं तं जाऊ द्या. तुमी तो मोबाइल हालवू नका!"

तिचं मडकं आता तळाला होतं. दोन झटके, एक थाप. दोन झटके, एक थाप. आणि मग पांढऱ्यातून एक सावली आली, अडखळत, पाठीवर लोखंड, आणि माझ्या कानात श्वास ऐकू आला. जवळ आली होती. वीस पावलांच्या आत आली होती.

"आई, थांबव आता. आली मी."

मी खटका सोडला. खेकडे थोडे घोटाळले आणि निघून गेले. आम्ही दोघी नावेखाली सरकलो.

"शिंपले कुठी गेले वं?" तिने विचारलं.

"म्या वेचले. टाकीले लावले."

ती मग हसायला लागली, इतकी की खोकला आला. "ऑफिसात चाळीस जणाइनं खेळून पाह्यला. कोणी वाट वेचून खाल्ली नाई. तूच एक."

"आवाज कसा ओळखला?"

"तुहाच हाय तो," ती म्हणाली. "तू अंगणात तूर पाखडत होती. म्या मोबाइलमंदी भरून नेला होता. बांगड्या काढून टाका म्हणत होते सारे. म्या नाई काढू देल्ल्या."

मला ती दुपार आठवली. बँकेची नोकरी सोडायच्या आधीची. मी तूर पाखडत होते आणि ही बाजेवर मोबाइल हातात धरून बसली होती. मी म्हटलं होतं, माय मरून राह्यली कामानं आन हे बसली मोबाइल घेऊन. तेव्हा ती मला साठवून घेत होती. आणि दोन वर्षं, माझ्याशी तीन शब्द बोलत असताना, रोज ऑफिसात बसून माझ्या बांगड्यांसाठी भांडत होती.

तेव्हा माझं तोंड उघडलं. "मेली म्हणून सांगू का म्हणली होती मी," मी म्हटलं, "थे लय वाईट बोलली. माह्यं चुकलं."

ह्यांनी खिडकीत मान फिरवली, बाहेर काही बघायचं असल्यासारखी.

"हो, चुकलंच," ती म्हणाली. माझीच मुलगी. चूक दाखवायला मिळाली तर सोडते का! मग म्हणाली, "पाणी संपलं आपलं, आई. खेळ बंद हाय तोवर तिथचा वेळ थांबते, पण उद्या खेळशीन तं मरशीन. दुनिया मिटन."

"मंग नाई खेळत उद्या. तू ये. दोघी बसून पाहू काय होते थे."

ती पुढच्या शनिवारी सकाळी ट्रॅव्हल्समधून उतरली. तिच्या हातात तिचा लॅपटॉप होता, ह्यांच्या हातात तिची बॅग. मी अंगणात उभी होते, जिथून ती गेली होती तिथेच. तिने चप्पल काढायच्या आधी रांजणातलं गार पाणी प्यायलं आणि पेला उलटा घालून ठेवला, लहानपणी मी शिकवल्यासारखा.

दुपारी टेबलावर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी लावले. ती दुनिया उघडली. दोघींची मडकी कोरडी. होतं नव्हतं तेवढं कापड आम्ही पसरलं, शिडाचं, पोत्याचं, अंगावरचंही, आणि पहाटेची वाट बघितली. पहाट झाली. पिळून एक ओंजळ पाणी निघालं. एकीपुरतं.

"तू पी," मी म्हटलं.

"तू पी. मी जवान हाय."

"लंबा रस्ता चालून आलेली तू हायस!"

"थे मागच्या रविवारी, आई!"

आमचं असं जुंपलं की हे आतून आले. "आता काहून भांडून राह्यल्या?" टेबलावर भरलेला तांब्या होता, त्यातून ह्यांनी दोन पेले भरून आमच्यापुढे ठेवले आणि निघून गेले. मी पाणी प्यायला मान वर केली तेवढ्यात तिने खेळातलं अर्धं पाणी पिऊन अर्धं माझ्यासाठी ठेवलं होतं. ती दुनिया अजून चालू आहे.

सोमवारी ती पुण्याला परत गेली. आता दिवाळीला येणार आहे, तसं स्वतःहून म्हणाली. शाळा सुरू व्हायला चार दिवस होते. मी दुपारी एकटीने लॅपटॉप उघडला, पाटी घेतली आणि दूर बरगड्यांपर्यंत जाऊन नवे शिंपले गोळा केले. टाकी फुटलेलीच होती आणि चुना लागणारच होता. पण मी चुना केला नाही. नावेच्या तोंडाशी पहिला शिंपला ठेवला, दहा पावलांवर दुसरा, मग तिसरा, आणि तसे टाकत टाकत जहाजापर्यंत गेले. परत येताना सगळे पडलेले दिसत होते, एवढा चांगला माल. एकही उचलला नाही.